रिकाम्या रकान्यातलं शून्य

स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कची १.१ आवृत्ती २००३ साली आली, तेव्हा तिच्यासोबत एक छोटा बदल आला. फॉर्ममधला आकड्याचा रकाना कुणी कोरा सोडला, तर आधीच्या १.० आवृत्तीत प्रोग्रामला त्या जागी 'नल' मिळे, म्हणजे इथे काहीच नाही अशी खूण. नव्या आवृत्तीत तिथे शून्य मिळू लागलं. जुनं वागणं परत हवं असेल तर वेब.एक्सएमएल फाईलमध्ये 'कन्व्हर्टनल' नावाची एक सेटिंग होती. ती मुळात बंद असे, आणि ती आहे हे ज्याला ठाऊक त्यालाच चालू करता येई.

मी तेव्हा पुण्यात, नारायण पेठेतल्या एका लहान कंपनीत पतसंस्थांसाठी स्ट्रट्सवर सॉफ्टवेअर लिहीत होते. कर्जमागणी अर्जात एक रकाना असतो: 'इतर संस्थांकडील येणे कर्ज'. सभासदानं 'काही नाही' म्हणून सांगितलं तर तिथे शून्य लिहायचं. विचारायचंच राहून गेलं असेल तर रकाना कोरा राहतो आणि छाननीत अर्ज परत येतो. कागदावर काम करणाऱ्या लिपिकांना हा फरक कुणी वेगळा शिकवावा लागत नाही. कोऱ्या रकान्यात मागाहून कुणी काही भरू नये म्हणून ते आडवी रेघ मारतात. ती रेघ, ते शून्य आणि तो कोरेपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखापरीक्षक त्या वेगळ्याच वाचतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत आमचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. तिथली लिपिक बाई अर्ज जतन करून पुन्हा उघडायची आणि मला फोन करायची, "ताई, मी तर काहीच भरलं नव्हतं. हे शून्य कुणी घातलं?" तिचा प्रश्न अचूक होता. 'कुणी' हाच शब्द तिथे हवा होता. कारण ते शून्य तिनं घातलं नव्हतं, सभासदानं घातलं नव्हतं, आमच्या प्रोग्रामच्या एकाही ओळीनं घातलं नव्हतं. ते फ्रेमवर्कच्या पोटातल्या कन्व्हर्टरनं घातलं होतं.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते आधी सांगते. ब्राउझरमधून सर्व्हरकडे जे येतं ते सगळं मजकूर असतं. एक, दोन आणि पाच ही अक्षरं एकापाठोपाठ येतात. त्यांचा एकशे पंचवीस हा आकडा कुणीतरी करावा लागतो. जावात वेबसाठी लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीनं हे काम हातानं केलं, प्रत्येक रकान्यासाठी तीच तीच चार ओळींची कसरत. क्रेग मॅक्लॅनहन यांनी लिहिलेलं स्ट्रट्स २००० साली अपाची संस्थेकडे आलं आणि २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. त्यानं ही कसरत प्रोग्रामरच्या हातून काढून घेतली. फॉर्मचे रकाने आणि वर्गाचे गुणधर्म यांची नावं जुळली की मूल्यं आपोआप भरली जात. आतून हे काम कॉमन्स बीनयुटिल्स नावाची लायब्ररी करायची, आणि त्या लायब्ररीत कन्व्हर्टर्सची एक नोंदवही होती: पूर्णांकांच्या इंटीजरसाठी हा, दशांशांच्या डबलसाठी हा, बिगडेसिमलसाठी हा. ही सोय केवढी मोठी होती हे तेव्हा काम केलेल्यांनाच कळेल. शंभर रकान्यांचा फॉर्म एका दिवसात उभा राहू लागला.

पण त्या नोंदवहीतले नियम कुणाच्या सवयीचे होते? त्या काळच्या बीनयुटिल्समध्ये इंटीजरचा डिफॉल्ट कन्व्हर्टर आलेला मजकूर आकड्यात बदलून पाही, आणि ते जमलं नाही तर मुकाट्यानं शून्य देई. चूक झाल्याचा निरोपही नाही. आता हे आपल्याकडच्या काउंटरवर नेऊन पाहा. लिपिकानं कर्जाची रक्कम १,२५,००० अशी स्वल्पविराम देऊन लिहिली. स्वल्पविराम हा अंक नाही, म्हणून रूपांतर फसलं, आणि फसलं म्हणून रक्कम शून्य झाली. सव्वा लाखाचं शून्य! ज्या माणसानं आयुष्यभर रक्कम स्वच्छ वाचता यावी म्हणून स्वल्पविराम दिले, त्याला त्याच नेटकेपणाची ही शिक्षा. बिगडेसिमल हा पैशांसाठी योग्य असलेला प्रकार वापरला तर उलट टोक: तो कन्व्हर्टर कोऱ्या रकान्यावरही अपवाद (एक्सेप्शन) फेकायचा आणि पडद्यावर चूक झाल्याचं पान यायचं. म्हणजे एकाच फॉर्मवर एक रकाना गप्प बसून खोटं बोले आणि शेजारचा रकाना आरडाओरडा करी.

स्ट्रट्सच्या लेखकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सल्ला होता की ॲक्शनफॉर्ममधले, म्हणजे फॉर्मची मूल्यं धरणाऱ्या वर्गातले, रकाने मजकुराच्याच रूपात ठेवा, म्हणजे माणसानं चुकीचं भरलं तरी त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं त्याला परत दाखवता येईल. सल्ला शहाणपणाचा होता. घाईच्या कामांत तो पाळला गेला नाही, कारण कन्व्हर्टर आयता होता.

स्वल्पविरामाची गोष्ट स्ट्रट्सपेक्षा जुनी आहे, आणि मला वाटतं आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहिणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी. १९९७ च्या फेब्रुवारीत जावाची १.१ आवृत्ती आली. तिच्यात देशोदेशीच्या लेखनपद्धती सांभाळणारा भाग प्रथम आला: लोकेल, नंबरफॉरमॅट, डेसिमलफॉरमॅट. हा भाग मुळात टॅलिजंट या कंपनीत लिहिला गेला. ॲपल आणि आयबीएम यांनी मिळून काढलेली ही कंपनी. जावाच्या त्या मूळ फाईलींच्या माथ्यावर १९९६ सालचा तिचा स्वामित्वहक्क आजही छापलेला आहे. काम उत्तम होतं. जर्मन माणूस हजारानंतर बिंदू देतो आणि दशांशासाठी स्वल्पविराम, फ्रेंच माणूस हजारानंतर न तुटणारी मोकळी जागा सोडतो, हे सगळं त्यात होतं. मात्र एक गोष्ट त्या रचनेत गृहीत धरलेली होती: अंकांचे गट सगळे सारख्या लांबीचे असतात. डेसिमलफॉरमॅटच्या माहितीपत्रकात तर उदाहरण देऊन सांगितलं आहे की '#,##,###,####' असा साचा दिलात तर शेवटचा स्वल्पविराम आणि शेवट यांमधलं अंतर तेवढं धरलं जाईल, आधीचे स्वल्पविराम सोडून दिले जातील.

आपला लाख आणि आपला कोटी त्या सोडून दिलेल्या स्वल्पविरामात गेला. आधी तीन अंकांचा गट आणि मग दोन-दोनांचे, हे त्या साच्यात मांडताच येत नाही. भारतीय इंग्रजीचं लोकेल मागितलं तरी दहा लाखांची रक्कम १,०००,००० अशीच छापून येई. आयबीएमनं १९९९ साली आयसीयू ही लायब्ररी खुली केली. तिचा उगम त्याच टॅलिजंटमध्ये, पण तिथे दुय्यम गटाची लांबी वेगळी सांगायची सोय आली आणि '#,##,##०' हा साचा नीट चालू लागला. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटनं तर गटांच्या लांबीची यादीच ठेवली, भारतासाठी तीन आणि दोन. जावाच्या मूळ वर्गात मात्र ते आलं नाही. २०१७ मध्ये जावा ९ नं सीएलडीआर हा युनिकोडचा लोकेल-साठा मुळात वापरायला घेतला. त्या साठ्यात आपला साचा बरोबर आहे. तो वाचणारा डेसिमलफॉरमॅट जुनाच राहिल्यानं गट तीन-तीनांचेच पडत राहिले.

अंकांचंही असंच. मराठी कळफलक लावलेला असला की लिपिक देवनागरी अंक टंकित करायचे, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. इंटीजरचं मूळ रूपांतर युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक ओळखतं, म्हणून '१२३' लिहिलं की जावाला एकशे तेवीस कळतं. बिगडेसिमललाही कळतं. डबलला कळत नाही; त्याला फक्त रोमन लिपीसोबतचे अंक चालतात. आता पाहा काय व्हायचं: सभासद क्रमांक देवनागरीत लिहिला तर घेतला जाई, आणि त्याच फॉर्मवर व्याजदर १२.५ लिहिला की डबलचा कन्व्हर्टर फसे आणि व्याजदर शून्य. हे पहिल्यांदा उलगडलं तेव्हा आम्ही सगळे त्या टेबलाभोवती उभे होतो आणि बराच वेळ कुणाला बोलायला सुचलं नाही.

त्या पतसंस्थेचे व्यवस्थापक निवृत्तीला आलेले होते. त्यांनी लहानपणी वडिलांच्या दुकानात आणे-पैचा हिशेब पाहिला होता, आणि दशमान पद्धत आली तेव्हाच्या आठवणी त्यांच्याकडे होत्या. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. त्या दिवशी सगळ्या देशानं आपला कन्व्हर्टर बदलला, असं मी म्हणेन. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारनं तक्ता काढला: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस. दोन आण्यांमागे अर्धा पैसा जातो हे त्या तक्त्यात उघड दिसत होतं. दुकानदाराला दिसत होतं, गिऱ्हाइकालाही दिसत होतं. व्यवस्थापकांनी मला सांगितलं की तो तक्ता त्यांच्या दुकानात गल्ल्यामागे चिकटवलेला होता आणि भांडण झालं की वडील त्याच्याकडे बोट दाखवायचे.

धनादेशाचंही तसंच आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या अठराव्या कलमात नियम आहे की अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नसेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. नियम बरा की वाईट हा वाद वेगळा. तो लिहिलेला आहे, सगळ्यांना वाचता येतो, आणि आकडा ज्याचा आहे त्याला आधीच माहीत असतो. हिशेबाच्या जुन्या रीतीत रूपांतराचा नियम कधी लपवलेला नसे. वेब फ्रेमवर्कनं तो प्रथमच अशा जागी ठेवला, जिथे आकड्याचा मालक कधी पोचणार नाही आणि प्रोग्रामरही क्वचित डोकावेल. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आम्ही आमचा कन्व्हर्टर लिहिला. बीनयुटिल्समध्ये एका ओळीत तो नोंदवता येतो: या प्रकारासाठी तुझा ठेव बाजूला, माझा वापर. काय काय सांभाळायचं हे ठरवायला आम्ही लिपिकांच्या जुन्या व्हाउचरांचा गठ्ठा मागवला, आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. रकमेआधी 'रु.' असे, मागे '/-' अशी खूण असे, पुढे कुणी आकडा घुसवू नये म्हणून मारलेली. मध्ये मोकळ्या जागा असत. देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच रकमेत मिसळलेले असत. आमच्या कन्व्हर्टरनं हे सगळं मान्य केलं. कोरा रकाना म्हणजे नल. स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं पडलेले असोत वा तीन-तीनांचे, दोन्ही चालतील. पण १२,५,००० असं काही आलं तर अंदाज बांधायचा नाही. लिहिलेलं तसंच परत दाखवून विचारायचं. शेवटचा हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जावाचा नंबरफॉरमॅट '१२अबक' हा मजकूर दिला तर बारा हे उत्तर देऊन मोकळा होतो, कारण जिथवर अंक दिसले तिथवर वाचून तो थांबतो. मजकूर पूर्ण वाचला गेला का, हे तपासायची जबाबदारी बोलावणाऱ्याची असते.

नोंदवहीबद्दल एक धोका तेव्हा खरा होता. जुन्या बीनयुटिल्समध्ये ती नोंदवही सगळ्यांना मिळून एकच असे. एका सर्व्हरवर दोन ॲप्लिकेशनांनी त्या लायब्ररीची एकच फाईल वाटून घेतली, की एकानं नोंदवलेला कन्व्हर्टर दुसऱ्यालाही लागू होई. पतसंस्थेच्या फॉर्मसाठी बदललेला नियम शेजारच्या, आपला काही संबंध नसलेल्या ॲप्लिकेशनचे आकडे बदलू शके. १.७ आवृत्तीपासून प्रत्येक ॲप्लिकेशनला आपापली नोंदवही मिळाली आणि हा प्रश्न मिटला.

पुढची फ्रेमवर्क्स या बाबतीत शहाणी होत गेली. वेबवर्क या फ्रेमवर्कमधून आलेल्या स्ट्रट्स २ मध्ये, २००७ पासून, एका साध्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये प्रकाराचं नाव आणि आपल्या कन्व्हर्टरचं नाव लिहिलं की झालं; रूपांतर फसलं तर त्या रकान्याशेजारी चूक झाल्याचा निरोप आपोआप येई. टिम फेनेल यांच्या स्ट्राइप्सनं आकड्यांचा डिफॉल्ट कन्व्हर्टरच समंजस लिहिला: चलनाचं चिन्ह काढून टाकणारा, कंसातल्या रकमेला ऋण समजणारा. हिशेबनीसांची रीत माहीत असलेला माणूस त्यामागे आहे हे लगेच कळतं. स्प्रिंगनं २००९ च्या अखेरीस तिसऱ्या आवृत्तीत रूपांतर आणि मांडणी यांची वेगळी यंत्रणा दिली आणि रकान्यावरच साचा लिहिता येऊ लागला.

जेएसएफ (जावासर्व्हर फेसेस) या जावाच्याच वेब फ्रेमवर्कची गोष्ट वेगळी आणि शिकण्यासारखी. २००४ साली आलेल्या या मानकाच्या प्रमुखांपैकी एक क्रेग मॅक्लॅनहनच होते. इथे डिफॉल्ट कन्व्हर्टर कोऱ्या रकान्याला नलच देत. तरी टॉमकॅट या सर्व्हरवर शून्य उगवे! कारण कन्व्हर्टरनं दिलेला नल वर्गापर्यंत पोचवणारी एक्स्प्रेशन लँग्वेज तिच्या मानकानुसार आकड्याच्या जागी आलेल्या नलचं शून्य करी. मग टॉमकॅटला सुरू होतानाच एक सेटिंग देऊन ते बंद करावं लागे. 'कोअर्स टू झीरो' या तिच्या नावातली जबरदस्ती मला नेहमी खटकली. २०१३ मध्ये एक्स्प्रेशन लँग्वेजची ३.० आवृत्ती आली तेव्हा तो नियम मानकातच सुधारला गेला. आपला कन्व्हर्टर लिहून भागत नाही, त्याच्यानंतर आणखी कोण हात लावतो तेही पाहावं लागतं, हे त्यातून बऱ्याच जणांना कळलं.

आणि हे दुखणं एकट्या आपलं नव्हतं. फ्रेंच प्रोग्रामर आमच्याइतकेच हैराण होते. त्यांच्या लोकेलमध्ये हजारानंतर न तुटणारी मोकळी जागा अपेक्षित असते, आणि माणूस कळफलकावरची साधी मोकळी जागा देतो. '१ २३४' लिहिलं की जावा एकावर थांबे. पुढे २०१८ मध्ये सीएलडीआरनं फ्रेंचसाठी त्याहून अरुंद जागेचं चिन्ह ठरवलं आणि जुने कन्व्हर्टर्स पुन्हा तपासावे लागले. जर्मन लोकेलमध्ये कुणी दशांशासाठी बिंदू देऊन दीड लिहिला तर त्याचे पंधरा होत.

आपल्याकडेही नियम बदलत राहिले. जुलै २०१० मध्ये रुपयाला ₹ हे चिन्ह मिळालं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं, आणि 'रु.' काढणाऱ्या आमच्या ओळीशेजारी आणखी एक ओळ आली. जावा ९ आल्यावर हिंदी लोकेलचे मूळ अंक, जे तोवर देवनागरी असत, इंग्रजी झाले. सीएलडीआरमध्ये मराठीचे मात्र देवनागरीच आहेत. म्हणजे जावाची आवृत्ती बदलली म्हणून पावतीवरचे अंक बदलले, असं घडणं शक्य झालं.

२०१४ मध्ये एचटीएमएल ५ मानक झालं आणि आकड्यांचा रकाना ब्राउझरकडेच गेला. त्या रकान्यात ब्राउझरला समजेल असा आकडा नसेल, तर पानावरच्या प्रोग्रामला त्याचं मूल्य रिकामं मिळतं. माणसाला पडद्यावर काहीतरी लिहिलेलं दिसतं, आणि प्रोग्रामला काहीच आलेलं नसतं. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिमनं २०२० मध्ये अशा रकान्यांऐवजी साधा मजकुराचा रकाना आणि अंकांचा कळफलक सुचवायला सुरुवात केली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. स्ट्रट्सच्या मार्गदर्शिकेनं दिलेला जुना सल्ला त्यात पुन्हा ऐकू येतो.

आज या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. कुठलंही फ्रेमवर्क हाती घ्या, त्याचा पहिला फॉर्म उभा करा आणि रकमेच्या रकान्यात क्रमानं हे भरून पाहा: काहीच नाही, मग एक मोकळी जागा, १,२५,०००/-, देवनागरीत १२.५, आणि मागे अक्षरं चिकटलेला एखादा आकडा. प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये काय पोचलं ते उघडून बघा आणि एका कागदावर तक्ता करा. तो तक्ता जे लोक तो फॉर्म रोज भरणार आहेत त्यांना दाखवा. त्यांना तो मान्य नसेल, तर कन्व्हर्टर बदला.